डाळिंबाच्या शेडमधली पाहुणी

“पाहुणी म्हणून आले हुते, येवढंच सांगायचं. डाळिंबं बघायला मशीनजवळ गेले आन् हात अडकला.”

“पाहुणी रोज सकाळी डबा घिऊन येती व्हय, काकू?”

“चेष्टा नको करू, सारजे. साहेब निघालेत बारामतीवरनं.”

कौसल्याकाकूंनी ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. समोर सारजा उभी, उजव्या हाताला बँडेज. त्या हाताची दोन बोटं फळं निवडायच्या मशीनच्या साखळीत गेली होती. अपघात कामावर झाल्याचं डॉक्टरांनी लिहून वर कळवलं, म्हणून आज कामगार खात्याचे साहेब येत होते.

इंदापूरजवळच्या आपल्या या पॅकिंग शेडमध्ये काकूंनी ‘कामगार’ हा शब्द कधी वापरला नव्हता. तरुणपणी त्या दुसऱ्यांच्या शेडवर डाळिंबं निवडायच्या, तेव्हा मुकादम “ए बाई” म्हणून हाका मारायचा. ते मनात राहिलेलं. स्वतःचं शेड झालं तेव्हा त्यांनी ठरवलं, इथं सगळ्या घरच्या. चहा त्या स्वतः ओतायच्या. कुणी बाळंत झाली की डिंकाचे लाडू पाठवायच्या. नोंदणी, विमा असं कुणी बोललं की हसायच्या, “घरच्या माणसांची कुठं नोंद करत्यात?”

ऐन हंगामात फळं अडकून मशीन थांबायला लागलं, तेव्हा साखळीवरची संरक्षक जाळी काढायला त्यांनीच सांगितलं होतं. आज पहाटे ती परत बसवून घेतली. पण गंजलेल्या जाळीवर नवेकोरे बोल्ट चमकत होते आणि काकूंची नजर सारखी खिडकीतून तिकडंच जात होती.

“शेडला कुलूप लागलं तर समद्या बायका घरी बसत्याल. मला आत टाकत्याल गं. रातभर डोळ्याला डोळा न्हाय.”

“पाहुणीला भरपाई मिळत न्हाय काकू. मी इचारून आलीया.”

“मी हाय की. जलमभर सांभाळीन तुला, लेकीसारखी.”

“लेक बसत असती तितं, तर काढली असती जाळी?”

बाहेर गाडी थांबली. पाठोपाठ अनोळखी आवाज आला, “मालक कोण आहेत इथं?”

काकूंनी सारजाचा पदर घट्ट धरला. “काय सांगणार हायस? मला येवढं तरी सांग.”

सारजानं डाव्या हातानं पदर सोडवून घेतला, कडी काढली आणि बाहेर पडली. साहेबांसमोरून ती तशीच पुढं गेली, थेट मशीनकडं. साहेब बघत होते.

तिथल्या बायकांनी मान वर न करता, रोजच्यासारखं सरकून तिला तिची जागा करून दिली.