जिन्यावरची एलिझाबेथ

जर्मनीतल्या आखनमध्ये मी सहा वर्षं राहिलो आणि त्यातले जवळजवळ सगळे शनिवार ब्रेमरबाईंचा जिना पुसण्यात गेले. बाई घरमालकीण, मी पोटमाळ्यावरच्या खोलीतला भाडेकरू. मी बादली घेऊन वरून खाली पुसत यायचो. बाई माझ्या खालच्या कोरड्या पायरीवर, कठडा धरून, देखरेख करायच्या आणि आठशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या संत एलिझाबेथचं चरित्र सांगायच्या.

वरच्या पायरीवर एलिझाबेथ चार वर्षांची असे; हंगेरीच्या राजाची लेक, लग्न ठरवून जर्मनीत आणलेली. मधल्या मजल्यापर्यंत ती गडाची मालकीण होऊन गोरगरिबांना भाकरी वाटू लागे. त्याखाली तिचा नवरा लुडविग धर्मयुद्धाला निघे आणि वाटेतच मरे. मग गड सोडून, मारबुर्गला इस्पितळ काढून, रोग्यांची सेवा करत, चोविसाव्या वर्षी ती खालच्या दारापाशी देह ठेवी. पुढच्या शनिवारी पुन्हा वर, चार वर्षांची! मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करायला आलो होतो. पण परीक्षा एलिझाबेथवर असती तर पहिला आलो असतो.

बाईंनी चाळीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. त्यामुळे भक्ती असली तरी सूट नव्हती. थोरल्या बहिणीच्या वेंधळ्या मुलीबद्दल बोलावं तशा त्या या संताबद्दल बोलायच्या. "पोरगी गुणी. पण एवढे उपास करून रुग्णसेवा होते का? आल्झो, तर मग, आधी नाश्ता!" तिला छडीनं मारणाऱ्या तिच्या धर्मगुरूचं नाव निघालं की बाई कठडा घट्ट धरत. "हेर योगलेकर, तो माणूस या जिन्यावर आला असता तर मी पायऱ्या ओल्याच ठेवल्या असत्या." हेर म्हणजे श्रीयुत; जोगळेकरचं योगलेकर त्यांनी पहिल्याच दिवशी केलं होतं आणि मी ते निमूटपणे स्वीकारलं होतं.

एका गोष्टीवर मात्र त्या दर आठवड्याला अडत. नवरा घरी नसताना एलिझाबेथनं एका महारोग्याला नवऱ्याच्या पलंगावर आणून झोपवलं. सासूनं चहाडी केली. लुडविगनं येऊन तावातावानं पांघरूण ओढलं, तर म्हणे तिथे साक्षात येशू! "चमत्कार झाला म्हणून निभावलं," बाई म्हणायच्या. "पण आधी विचारावं की नाही? पलंग त्याचा होता."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणायचो आणि फडकं पिळायचो.

पाचव्या वर्षी जानेवारीत मी चुलतबहिणीच्या लग्नासाठी चार आठवडे पुण्याला गेलो. परत आलो, लोणची आणि चकल्यांनी भरलेली बॅग तीन जिने चढवली, खोलीचं दार उघडलं, तर माझ्या पलंगावर कुणीतरी झोपलेलं. मी पांघरूण ओढलं. तिथे येशू नव्हता. स्टेशनसमोर बसणारा, दाढी वाढलेला हेर क्लाइन होता आणि त्यानं माझ्या आईनं विणलेला स्वेटर घातला होता. मला भयंकर संताप आला. तो खोकत उठला, पण पहिला विचार त्याच्या खोकल्याचा नव्हे, माझ्या गादीचा आला.

"न्यूमोनिया झाला होता," बाई स्वयंपाकघरात शांतपणे म्हणाल्या. "इस्पितळातून सुटला, बाहेर उणे सहा, जायला घर नाही. तुमची खोली रिकामी होती. तुम्ही सोफ्यावर झोपा, सोफा चांगला आहे. चादर साठ अंशांवर धुतलेली आहे."

मी काही बोलणार एवढ्यात कोलोनहून श्टेफान आला, बाईंचा मुलगा. शेजारणीनं त्याला फोन केला होता. शेगडी चालू ठेवून बाई एकदा दुकानात गेल्या होत्या, तेव्हापासून आईला वृद्धाश्रमात ठेवायचं त्याच्या मनात होतं. अर्ज तो सोबतच घेऊन आला होता. तो त्यानं टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "परक्या माणसाला तुझ्या खोलीत ठेवण्याआधी आईनं तुला विचारलं होतं?"

प्रश्न सरळ होता. विचारलं असेल तर ती दया, नसेल तर आईचं डोकं चालेनासं झालं. बाईंचं घर राहणार की सुटणार, हे माझ्या उत्तरावर होतं. माझा राग पळाला.

"हो," मी म्हणालो. "फोनवर विचारलं होतं. मीच ठेवा म्हणालो."

बाईंनी किटली खाली ठेवली. "हेर योगलेकर खोटं बोलताहेत. माझ्यासाठी बोलताहेत, पण खोटंच. श्टेफान, मी विचारलं नाही. डोकं ठिकाणावर होतं, म्हणूनच विचारलं नाही. विचारलं असतं तर हे नको म्हणाले असते. मग मला त्या माणसाला थंडीत सोडावं लागलं असतं."

श्टेफान माझ्याकडे वळला. "नको म्हणाला असतास?"

आता खोटं बोलणं शक्य नव्हतं. "हो," मी म्हणालो.

"मीही," तो म्हणाला.

वरून खोकला ऐकू येत होता.  श्टेफाननं अर्जाची घडी करून खिशात घातली. "त्याला डोक्याखाली आणखी एक उशी लागेल," असं म्हणून तो आईच्या खोलीतली उशी घेऊन वर गेला. वृद्धाश्रमाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

हेर क्लाइन तीन आठवडे राहिला आणि माझ्या निम्म्या चकल्या त्यानं संपवल्या. सोफा चांगला असल्याचं बाईंचं म्हणणं मात्र साफ चूक होतं. माझी पाठ अजून साक्ष देते. पुढे दोन वर्षांनी, मी आखन सोडल्यानंतर, बाई त्याच घरात, स्वतःच्या पलंगावर, दुपारच्या झोपेत गेल्या. चर्चमध्ये पाद्रीबाबा त्यांच्या सोशिकपणाबद्दल बोलले, तेव्हा श्टेफाननं आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

आता मी जर्मनीतच, गार्चिंगला असतो. घरात एक जादा खोली आहे. आई-बाबा येतात तेव्हा ती उघडते, एरवी बंद. मागच्या हिवाळ्यात एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. नुकत्याच आलेल्या एका विद्यार्थिनीला दहा दिवस राहायला जागा हवी होती. मी सबबी सांगितल्या. सगळ्या खऱ्या होत्या. बाईंनी मला पुरतं ओळखलं होतं. त्यांची आठवण आली की हसू येतं आणि लाजही वाटते.

"कुणाचा फोन होता रे?" त्या दिवशी मी फोन ठेवल्यावर बायकोनं आतून विचारलं होतं.

"कुणाचा नाही," मी म्हणालो.