काळ्या पिल्लाचे शनिवार

अन्याय झाला तो आमच्या घरच्या चार महिन्यांच्या काळ्या लॅब्राडोर पिल्लावर. गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, आमच्याच ओट्यावर. साक्षीदार मी स्वतः, हातात दात घासायचा ब्रश. तोपर्यंत पिल्लाच्या पोटात मोहरीचं तेल चोपडलेल्या अकरा पोळ्या गेल्या होत्या आणि बारावी घेऊन शेजारच्या काकू पायरी चढत होत्या. पिल्लाची काही तक्रार नव्हती, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. अन्याय होणाऱ्याला तो बहुतेक वेळा कळत नाही, असं मी आजवर किमान चार पत्रकांत लिहिलंय. पण अन्याय सोसताना इतकं शेपूट हलवणारं कोणी पाहिलं नव्हतं.

पत्रकांचं आधीच सांगून टाकते. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. तलावात निर्माल्य टाकू नका, वरातीसाठी रस्ता अडवू नका, मंदिरासमोर चपलांचा डोंगर करू नका. बाबा म्हणतात, माझ्याशी दोन मिनिटं बोललं की शेवटी कुठेतरी सही करावी लागणार असं वाटतं.

पिल्लू बाबांनीच आणलं. त्यांच्या ऑफिसातल्या एकांची बदली झाली, नव्या गावी फ्लॅट लहान, म्हणून बाबा संध्याकाळी दारात उभे, आणि त्यांच्या शर्टातून चार पंजे बाहेर आलेले. पंजे पाहूनच आईने कपाळाला हात लावला. एवढ्याशा जिवाला एवढे पंजे, म्हणजे पुढे हा केवढा होणार, ते तिला दिसलं.

त्याने काय खावं यावरून घरात तीन पक्ष पडले. बाबांचा पक्ष दूध-पोळीचा, कारण त्यांच्या लहानपणी सगळी कुत्री त्यावरच जगली. आईचा पक्ष वरणभात, वरून तूप, कारण घरात कोणालाही वेगळं रांधून मिळत नाही. तिसरा पक्ष मी, आणि मी आठवडाभर वाचून आले होते. मोठ्या जातीचं पिल्लू भराभर वाढवायचं नसतं. हाडं कच्ची असतात, सांधे घडत असतात. त्यांच्यावर चरबीचं ओझं टाकलं की पाय वाकतात, खुबे आणि कोपर दुखायला लागतात, आणि मग ते दुखणं जन्मभराचं. म्हणून खाणं मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच केलेलं, दुकानातलं दाणेदार, दिवसातून तीनदा, मापून. भांडं भरून समोर ठेवून द्यायचं नाही. मी दोन्ही पक्ष झोपवले. स्टीलची एक वाटी माप म्हणून ठरवली आणि तिला घरात दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा फतवा काढला.

खाण्याची पिशवी घेतली तेव्हा दुकानदाराने कॅल्शियमच्या औषधाची एक बाटलीही पुढे केली. "दीदी, बड़ी नसल है. हड्डी का सवाल है." हे मला पटलं. हाडं मोठी, तर कॅल्शियम जास्त लागणारच. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे मीच पाजायचे, आणि त्याने ओठ चाटले की मला धन्य वाटायचं.

आता शनिवारकडे येते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक ज्योतिषी बसतात. लग्न जमत नाही, बढती अडली, गुडघा दुखतो, काहीही घेऊन जा, निदान एकच: शनी. उपायही एकच: शनिवारी काळ्या कुत्र्याला मोहरीचं तेल लावलेली पोळी. अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, काळा कुत्रा एकच होता, म्हातारा, आणि इतक्या वर्षांच्या तेलाने तो इतका विटला होता की शनिवारी बांगड्यांचा आवाज आला की उठून दुसऱ्या गल्लीत जायचा. लोक अडचणीत होते. अशात आमच्या ओट्यावर हे आलं: काळंभोर, तुकतुकीत, आणि नाही म्हणणं माहीतच नसलेलं. पाऱ्याला वाटलं, ग्रहांनीच सोय केली.

काकू सगळ्यांच्या पुढे. त्यांचा मुलगा चौतीस वर्षांचा, चांगल्या नोकरीत, आणि लग्न जमेना. मी त्या बाराव्या पोळीला आडवी गेले. पिल्लाचे पाय, सांधे, वजन, सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पोळीचे चार तुकडे केले.

"काहून वं पोट्टे, तू त्याले उपाशी मारून राहिली काय? पाह्य कसं खाऊन राहिलं ते."

मी म्हणाले, तो तर चप्पलही खातो.

"मंग त्याच्यापेक्षा पोळी बरी नं."

यावर पत्रक लिहिण्याशिवाय उपाय नव्हता. रविवारी लिहिलं, सोमवारी गोल बाजारातून झेरॉक्स काढून आणलं. वर मराठी, खाली हिंदी. मथळा: "तुमचा शनी, आमच्या पिल्लाचे पाय." जोरात लिहिलं होतं. तेलपोळीने पिल्लाचं वजन कसं फुगतं, दुधाने पोट कसं बिघडतं, प्रसादाच्या लाडवातला बेदाणा कुत्र्याला विषासारखा कसा, आणि जबाबदार कोण. जबाबदारांची यादी मी घरक्रमांकानुसार दिली होती. बाबांनी वाचलं आणि विचारलं, याच गल्लीत राहायचंय ना आपल्याला? मी घरोघरी वाटलं. लोकांनी हसून घेतलं, मान डोलावून "हव हव" म्हणाले. पुढच्या शनिवारी पोळ्या आल्या, आणि त्यातल्या निदान तीन माझ्याच पत्रकात गुंडाळलेल्या होत्या. तेल लागून "जबाबदार" हा शब्द पारदर्शक झाला होता.

त्याच्या दुसऱ्या आठवड्यात पिल्लू लंगडायला लागलं.

आधी वाटलं काटा टोचला असेल. पंजा पाहिला, काही नव्हतं. पुढचा डावा पाय टेकवताना ते थांबायचं, विचार केल्यासारखं, आणि मग टेकवायचं. पायरी उतरेना. वाटीचा आवाज आला तरी बसल्या जागेवरून शेपूट हलवायचं, उठायचं नाही. लॅब्राडोर वाटीकडे धावत नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. मला खूप राग आला. राग आला की मला बरं वाटतं, कारण मग घाबरायला जागा उरत नाही. मी पत्रकाची एक प्रत पिशवीत टाकली, सोबत औषधाची बाटली घेतली, आणि पिल्लाला स्कूटीवर पुढ्यात बसवून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पिल्लू तपासलं, कोपर दाबून पाहिलं, बरगड्यांवरून हात फिरवला. बरगड्या हाताला लागेनात. मी ओट्यावरच्या गुन्ह्यांची हकिकत सुरू केली, पत्रकही काढून दिलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, यादीसकट. मग टेबलावरची बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. ती अर्ध्याहून जास्त रिकामी होती.

"रोटी तो हफ्ते में एक दिन की है, दीदी. ये रोज़ कौन पिलाता है?"

मी. एवढं छोटं उत्तर मी कुठल्याच पत्रकात दिलं नव्हतं.

ते रागावले नाहीत, आणि तेच वाईट होतं. म्हणाले, मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाण्यात कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. वरून पाजलेलं जास्तीचं कॅल्शियम एवढ्या लहान पिल्लाचं शरीर थोपवू शकत नाही. ते आत जातं आणि हाडांची वाढच बिघडवतं. पोळ्यांनी वजन वाढवलं, बाटलीने हाडांना त्रास दिला, आणि पाय बिचारे दोघांच्या मध्ये सापडले. बाटली बंद. पोळ्या बंद. पायऱ्या आणि उड्या बंद. एक महिना मापून खाणं. तरीही लंगडणं राहिलं तर एक्स-रे, आणि कदाचित ऑपरेशन. मी निघताना पत्रक परत देत ते म्हणाले, यात तुमचा घरक्रमांक दिसला नाही.

घरी आले तर काकू ओट्यावरच. पिल्लाला मी उचलून उतरवलं ते त्यांनी पाहिलं. दुसरं काही सुचेना म्हणून मी सगळं सांगून टाकलं, बाटलीसकट. वाटलं, आता वर्षभर ऐकवतील. काकूंनी पिल्लाचा पाय हातात घेतला आणि चोळायला लागल्या.

"म्हणजे तू बी अन् आमी बी," त्या म्हणाल्या. "लेकराले दोघींनी मिळून लंगडं केलं."

मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, त्याच्या सकाळच्या जेवणाचे दाणे किती असतात? मी वाटी दाखवली. त्यांनी वाटीत बोटं घालून दाणे चाळले, डाळ निवडावी तसे.

"मले सांग, शनिवारी हे वाटीभर तू देतेसच नं? मंग आमी याच्यातलेच पाच-पाच दाणे आमच्या हातानं देऊ. त्याचं जेवन तेवढंच राह्यते. आमचा शनी बी राह्यते."

आणि तेल? मी विचारलं.

"तेल दिव्यात घालू. शनी काय कुत्र्याच्या पोटात उतरून पाहून राहिला?"

जे माझ्या दोनशे झेरॉक्सनी झालं नाही, ते काकूंनी पुढच्या शनिवारी सातच्या आधी करून दाखवलं. वाटी मांडीवर घेऊन त्याच ओट्यावर बसल्या. पोळी घेऊन येणाऱ्याची पोळी गाईसाठी बाजूला ठेवायची, तळहातावर पाच दाणे टेकवायचे. एका वकीलसाहेबांनी सहावा मागितला, त्यांना त्यांनी शनीची भीती घातली. वाटी संपली तेव्हा रांगेत दोघं उरले होते. त्यांना पिल्लाच्या दुपारच्या जेवणाला बोलावलं.

मीही दुसरं पत्रक काढलं. यादी तीच, फक्त सगळ्यात वर आमचं घर, आणि पुढे: "घरची मुलगी. रोज चार चमचे." पहिल्यांदाच माझं पत्रक लोकांनी मोठ्याने वाचलं, एकमेकांना, पानठेल्यावर. आईने एक प्रत फ्रीजवर चिकटवली आणि अजून काढलेली नाही.

महिना संपला त्या दिवशी डॉक्टरांनी पिल्लाला अंगणात चालवून पाहिलं. ते चाललं, वळलं, आणि त्यांच्या चपलेकडे धावलं. लंगडणं गेलं होतं. तरी वर्षाचं होईपर्यंत लक्ष ठेवा, म्हणाले. काकूंना सांगितलं तर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, कांदा चिरत होते. कांदा कुठे दिसला नाही. मुलाचं लग्न अजून जमलेलं नाही. पण आता त्या त्याबद्दल पिल्लाला जबाबदार धरत नाहीत. उलट गल्लीतलं कुठलंही कुत्रं दिसलं की त्याच्या बरगड्या चाचपतात. परवा माझ्याही चाचपल्या आणि म्हणाल्या, तुले मात्र पोळी चालते.

आता तुमच्याकडे येते. घरात मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर हा कागद खाली ठेवा, उठा, आणि दोन्ही हात त्याच्या बरगड्यांवर ठेवा. त्या बोटांना लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. नाही दिसली, तर उद्यापासून मापून घाला. फळीवर कॅल्शियमची बाटली असेल तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक चमचाही पाजू नका. आणि शनिवारी आमच्या ओट्यावर याल तर रिकाम्या हाताने या. पाच दाणे आम्ही देऊ.