सुई आवळली तेव्हा

कंट्रोललाइन हे छोटं मॉडेल विमान दोन तारांना बांधलेलं असतं आणि हँडल धरणाऱ्याभोवती गोल फिरतं. त्याचं मुठीत मावणारं इंजिन मी उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये पंधरा दिवस खपून जुळवलं होतं. इंधनाची सुई किंचित सैल ठेवली, की इंधनात वंगणासाठी मिसळलेलं एरंडेल पुरेसं आत जातं आणि पिस्टन तापत नाही.

रविवारी आमच्या क्लबचे अध्यक्ष मैदानावर पाहुणे घेऊन आले. मित्र हँडलपाशी उभा होता, मी सुरू केलेलं विमान दाबून धरलं होतं. अध्यक्ष वाकले आणि मला न विचारता त्यांनी सुई आवळली. इंजिन किंचाळायला लागलं.

"बघा, आत्ता कसं बोलतंय! ह्यास्नी कानच न्हाईत की."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिन जळणार हे मला कळत होतं. पण मैदान त्यांच्याच ओळखीनं मिळालं होतं, म्हणून मी हसलो आणि विमान सोडलं.

चौथ्या फेरीत पंखा हवेतच थांबला. विमान गवतात आदळलं.

"इंजिनच भिकार हाय पावणं," अध्यक्ष पाहुण्यांना म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "व्हय की न्हाय?"

"व्हय साहेब," मी म्हणालो.

घरी इंजिन उघडलं तर पिस्टनवर काळे ओरखडे होते. त्या माणसाची शिसारी आली, पण माझ्या त्या 'व्हय'ची त्याहून जास्त. रॉकेलनं हात धुतले, जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना फोन करून खरं काय ते सांगितलं आणि क्लब सोडला.