सिंकखालचा वास

बाबांना वास येणं बंद झालं ते एका तापानंतर. ताप आठवड्यात उतरला, वास परत आला नाही. दुसऱ्या कुणी हे निभावून नेलं असतं. पण बाबा हॉटेलांच्या किचनमध्ये ग्रीस ट्रॅप बसवायचे.

ग्रीस ट्रॅप म्हणजे सिंकखाली ठेवायची स्टीलची पेटी. भांड्यांचं तेलकट पाणी तिच्यात थांबतं, तेल वर तरंगतं आणि खालचं पाणी पुढे गटाराच्या पाइपात जातं. पेटी बसवली की तपासायची. पाणी गळत असेल तर जॉइंटवरून फिरवलेला टिश्यू पेपर ओला होतो. पण गटाराची हवा परत वर येत असेल तर ते फक्त नाकाला कळतं.

म्हणून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. कॉलेज संपलं होतं, आणि मी मुलाखतींना जाऊन जवळजवळ गप्प बसून तळवलीला घरी परत येत होते. बाबा लोकांना सांगायचे, "पोरगी इंग्लिश मीडियमची हाय, कागदपत्रं बघते." खरं काम वेगळं होतं. ते झाकणाशी वाकले की मी मागे उभी राहायची. वास आला तर विचारायचं, "बाबा, टॉर्च देऊ?" नसेल तर काहीच बोलायचं नाही. ही खूण मीच ठरवली होती. गप्प राहणं मला जमत होतं.

खारघरच्या त्या हॉटेलमालकाची तीन किचन होती. "काका, हे नीट झालं की बाकीची दोन तुमचीच," असं तो म्हणाला होता. तापानंतर बाबांना मिळालेलं ते पहिलं मोठं काम होतं. त्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, तोही सिंकखाली झोपायला.

पेटी बसली. गरम पाणी सोडलं. बाबा गुडघ्यांवर बसून झाकणाजवळ वाकले, आणि मला वास आला. दाराशी जुन्या पेटीतला काढलेला थर पिशवीत बांधून ठेवला होता. त्याचा वास आंबट असतो. हा तो नव्हता. हा गटाराचा होता, मागच्या जॉइंटकडून येणारा. माझा हात आपोआप नाकाकडे गेला.

"काय मॅडम," मालक म्हणाला, "बापाच्या कामाचा वास सहन होत नाही वाटतं?"

आचारी हसले. भांडी घासणारी बाईसुद्धा हसली. मी हात खाली घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते. टॉर्च माझ्या हातातच होता. तीन शब्द बोलायचे होते. मी स्वतःला सांगितलं, पिशवीचाच वास असेल.

बाबांनी थोडं थांबून वाट पाहिली. मग म्हणाले, "वास नाय, शेठ. काम पक्कं झालंय."

तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा त्याने दुसरा प्लंबर बोलावून ठेवला होता. तो माणूस वाकलासुद्धा नाही, दारातूनच म्हणाला, "मागचा जॉइंट आहे."

मालक बाबांकडे बघत राहिला. "काका, गिऱ्हाइकं ताटावरून उठतायत. तुम्हाला एवढाही वास येत नाही?"

 बाबांनी पाना उचलून पिशवीत टाकला.

घरी आल्यावर त्यांनी मला फक्त एकदा विचारलं. आवाजात राग नव्हता. "तुला पन नव्हता आला ना गं, बाय?"

"नाही," मी म्हणाले.

मला वाटलं, विषय इथेच संपेल. पण त्यांनी माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला. रात्रभर विचार करून सकाळी म्हणाले, "माझा ताप तुला बी लागला असनार. मी नेत होतो तुला त्या घाणीत." नंतर एक-दोन कामं विचारायला आली, ती त्यांनी घेतली नाहीत. "दोघांना बी वास येत नाय, कुनाच्या भरवशावर जायचं?" त्यांचे पाने, बाकीची हत्यारं कपड्यात गुंडाळून माळ्यावर गेली.

त्यांना पुन्हा कामावर न्यायला माझं एक वाक्य पुरेसं आहे. मला ते पाठ आहे, मराठीत आणि इंग्रजीतही. रोज जेवताना ते तोंडाशी येतं, आणि मी पाणी पिते.

आता बाबा माझ्या नाकावर इलाज करतात. कुणीतरी सांगितलंय, रोज वेगवेगळे वास घेतले की नाक परत जागं होतं. कधी लिंबू कापून आणतात, कधी कापूर. काल त्यांनी तव्यावर सुकट भाजली. अख्ख्या चाळीला वास गेला असेल. त्यांनी तवा माझ्यापुढे धरला. स्वतः वाकून एकदा हुंगलं, त्यांचा चेहरा तसाच राहिला, आणि ते माझ्याकडे बघत राहिले.

"आला?"

"थोडासा," मी म्हणाले.

"येल हळूहळू," ते म्हणाले आणि तवा पुन्हा गॅसवर ठेवायला आत गेले.