विटेची लाल शाई

बायको गेली तेव्हा मिस्त्री रडले नाहीत. माणसं भेटायला येत, हात हातात धरून बसत; मिस्त्रीच त्यांना पाणी आणून देत. "मनाला फार लावून घेतलंय," असं लोक म्हणत. पण मिस्त्रींना काही लागलंच नव्हतं. अंगाखाली राहून हात बधिर व्हावा तसं झालं होतं. फक्त मुंग्या येत नव्हत्या.

लेकीने त्यांना आपल्या घरी आणलं आणि महिन्याभरात त्यांच्या गप्प बसण्याला कंटाळून मैत्रिणीच्या छापखान्यात धाडलं. मैत्रीण लाकडावर चित्रं कोरून कागदावर छापायची. शाई मात्र पाडलेल्या इमारतींच्या मालातून स्वतःच करायची. गंजलेल्या सळयांची तपकिरी, धुराड्याच्या काजळीची काळी, विटेची लाल.

"काका, ही लाल फार कचकचते," ती म्हणाली. "कागदावर ओरखडे उठतात."

मिस्त्रींनी भुकटी चिमटीत चोळली. "नुसतं चाळून भागायचं नाही. पाण्यात ढवळा. जड तेवढं लगेच तळाला बसेल. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि रात्रभर निवळू द्या. खाली सायीसारखा मऊ थर बसेल, तो तुमचा."

"तुम्हीच करून द्या ना."

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री नऊच्या ठोक्याला हजर. विटा कुटायच्या, भुकटी निवळायला ठेवायची, वाळली की ती जाड काचेवर जवसाच्या तेलात घोटायची. तिथे कोणी 'कसे आहात' विचारत नसे, हे बरं होतं.

एका सोमवारी टेम्पोवाल्याने विटांची पाच पोती उतरवली. "जुनं प्रसूतिगृह पाडलं, तिथलं आहे."

ती इमारत मिस्त्रींनीच बांधली होती. विटांची पाटी घेऊन फळीवरून वर येणारी, "मिस्त्री, डोळे भिंतीकडे ठेवा," म्हणणारी पोरगी पुढे त्यांची बायको झाली. लेकही तिथेच जन्मली. खिशात किल्ली चाचपावी तसं मिस्त्रींनी हे सगळं आठवून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. मग त्यांनी हातोडा उचलला.

शनिवारी लेक न्यायला आली. टेबलावर शाईचा गोळा चकाकत होता. कुठल्या विटा, ते तिला मैत्रिणीकडून कळलं.

"बाबा, तुम्ही फोडल्यात?"

"चांगली भाजलेली वीट होती."

"काहीच वाटलं नाही?"

मिस्त्रींनी खरंच विचार केला. "नाही गं. वाटायला हवं होतं, एवढं कळतं मला."

लेक तोंड फिरवून रडू लागली. मिस्त्रींनी हात पुसले, पण ते लालच राहिले. तिच्या पाठीवरून हात फिरवावा की नाही, या घोळात ते जरा उभे राहिले. शेवटी फिरवला. तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर पाच बोटं उठली.

"धुतल्यावर जाईल?" तिने नाक ओढत विचारलं.

"तेलातली आहे. नाही जायची."

त्या शाईत तीस कागद छापून झाले. आणखी विटा पाहायला मिस्त्री टेम्पोतून गेले, तर प्रसूतिगृहाची जागा सपाट झालेली. उरलेला राडारोडा रस्त्याच्या भरावाला गेला होता. टेम्पोवाला म्हणाला, "पलीकडे एक गोदाम पाडतायत, बघायचं?"

"चल," मिस्त्री म्हणाले आणि काच वर करून बसले.