साडूंचं शीड

आमच्या थोरल्या साडूंइतका वाऱ्याच्या नादी लागलेला माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. मुक्काम दोंडाईचा, उमेदीची वर्षं जिनिंगमध्ये फिटरकी करण्यात गेली, समुद्र जन्मात पाहिलेला नाही. आणि निवृत्त झाल्यावर परसात काय बांधायला घेतलं, तर शिडाची होडी! मोटरसायकलच्या आरशाला चिंधी बांधून ते गावभर वारा बघत हिंडत. एका लग्नात भर पंगतीत वरणाने माखलेलं बोट वर धरून म्हणाले, "पश्चिमेचा आहे." वाढप्याला वाटलं, वरण नको म्हणताहेत.

होडी होती अक्कांसाठी. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. दोघींचं माहेर तापीवरच्या धरणाच्या फुगवट्यात गेलं. अक्कांचं लग्न त्या घराच्या अंगणात लागलं. आमचं ठरेपर्यंत अंगणावर पाणी होतं. सासुरवाडीला जायला मला पोहायला यावं लागेल, हा विनोद मी वीस वर्षं सांगत आलोय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या साऱ्या लेकी माहेरी यायच्या आणि अक्का दारात उभ्या राहून त्यांच्याकडे बघायच्या. गुडघे पार जाण्याआधी एक आखाजी माहेरी करायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. मासेमारांच्या होड्या होत्या, पण इंजिनाच्या. "मन्हा मायबापना घरवरतीन भटभट करत जावानं नही," अक्का म्हणाल्या. मी वल्ह्यांचं सुचवलं. साडूंनी माझ्या दंडांकडे एकदा पाहिलं आणि विषय संपवला.

मग तीन वर्षं एकेक भाग घडत गेला. प्रत्येक भाग हा माणूस तीनदा करायचा. पहिला बिघडायचा, दुसरा शिकवायचा, तिसरा होडीला लागायचा. पहिल्या सुकाणूवर अक्का आजही कपडे धुतात. सुकाणूला बिजागऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या. डोलकाठीसाठी शिरपूरच्या बाजारात दिवसभर बांबू कानाशी धरून वाजवत बसले. शीड मिरचीच्या व्यापाऱ्याच्या जुन्या ताडपत्रीचं, स्वतः दाभणाने शिवलेलं. ते गच्चीवर पहिल्यांदा उभारलं तेव्हा अशी खकाणी उडाली की सगळी गल्ली शिंकत रस्त्यावर आली. शेजारचे आबा डोळे पुसत ओरडले, "भाऊ, तुम्हनी नाव पानीमा सोडा, आम्हना जीव काबर लेतस!" साडूंनी शीड आठ वेळा धुतलं.

आखाजीच्या सकाळी होडी ट्रॉलीवरून धरणाच्या काठावर आली आणि आम्ही चौघं तीत चढलो. दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरच्या ट्यूबा बांधल्या होत्या, तरी मी जीव मुठीत धरूनच बसलो. साडूंनी दोरी ओढली, शीड फुगलं आणि होडी चालू लागली. आवाज म्हणून नाही. हा माणूस वाऱ्याला खरोखर कामाला लावून बसला होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि वीस वर्षांच्या त्या विनोदाची लाजही वाटली.

बऱ्याच वेळाने, बुडालेल्या माहेराच्या जागेवर आल्यावर, त्यांनी शीड उतरवलं. "आठे ओटा व्हता," अक्का म्हणाल्या. "नही वं अक्का, आठे तं गोठा व्हता," माझी बायको म्हणाली. दोघी चांगल्या तावातावाने भांडल्या. मग अक्का कडेला वाकल्या, पाण्यात हात घातला आणि माहेरी पोचल्यावर दारातून आईला हाक मारावी तशी हाक मारली, "माय, आखाजीले उनूत वं."

माझी बायको रडू लागली. साडू आमच्याकडे पाठ करून बसले होते. थोड्या वेळाने चांगला वारा उठला, घरी नेणारा. त्यांनी दोरीला हात लावला नाही, आणि निघू या असं मीही म्हटलं नाही.