तुळसाकाकूची काळी पिल्ले

चि. नलू आणि चि. वसंता,

तुमचे कराचीहून आलेले पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा चष्मा काढून टेबलावर ठेवावा लागला. तुमच्यावर रागावले म्हणून नव्हे. तुम्ही बिचाऱ्यांनी एवढेच विचारलेत की, बाबांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणून दिले आहेत, तर त्यांची पिल्ले घरी कशी वाढवायची, आमच्या पणजोबांनी कशी वाढवली होती? सोबत रविवारच्या पुरवणीतले ते कात्रण जोडलेत. म्हैसुरात घरच्या घरी सोनमासे वाढवणारे पहिले हौशी गृहस्थ म्हणून त्यात माझ्या वडिलांचे, म्हणजे अप्पांचे, दोन रकाने भरून कौतुक आहे. शेवटून दुसऱ्या ओळीत असेही आहे की, "घरातील एक विधवा स्त्री माशांना दाणापाणी घालण्याच्या कामी त्यांना मदत करीत असे." त्या स्त्रीला नाव नाही. ते कात्रण छापून येण्याच्या बरोबर दोन आठवडे आधी ती स्त्री वारली होती. सकाळी नऊच्या सुमारास माझा भाचा सायकलवरून आला, फाटकाशीच थांबला आणि म्हणाला, "आत्या, तुळसाकाकू गेली. पहाटे उठली नाही." मी टाकलेला चहा तसाच राहिला... तिच्या मरणाची बातमी कुठल्याच पुरवणीत आली नाही. म्हणून हे पत्र मी दोन प्रती काढून लिहिते आहे. एक तुम्हांला, एक त्या पुरवणीच्या संपादकांना. चूक जिथे छापली गेली तिथेच ती दुरुस्त व्हायला हवी, आणि ती दुरुस्त करण्याचे काम माझेच का आहे, तेही पुढे कळेल.

तुळसाकाकू अप्पांच्या धाकट्या भावाची बायको. लग्नानंतर तीन वर्षांत काका तापाने गेले. तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि मी नऊ. आमचे घर विठ्ठलाच्या देवळामागच्या गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम करणारे. पुढच्या खोलीत अप्पा आणि दोन कारागीर, मागच्या खोलीत काकू. मोठमोठ्या अधिकाऱ्यांचे कोट अप्पांच्या नावाने जात. त्या कोटांची काजे मात्र एकूणएक काकूच्या हातची. अप्पांशी ती कधीही समोरासमोर बोलली नाही. थोरल्या दिरापुढे यायचे नाही, आवाज ऐकू जाऊ द्यायचा नाही, हा रिवाज. काही सांगायचे असले की ती दाराआड उभी राहायची आणि म्हणायची, "कमळी, सांग त्यांना, काळा रेशमी दोरा संपला." मग मी पुढच्या खोलीत जाऊन म्हणायची, "अप्पा, काळा रेशमी दोरा संपला." दहा वर्षे तिचा आवाज म्हणजे मीच होते. हे नीट लक्षात ठेवा.

मासे आमच्याकडे आले ते एका मडमेमुळे. ती विलायतेला परत निघाली होती. अप्पांनी तिचे कपडे शिवले होते, म्हणून जाता जाता चार सोनमासे आणि माशांवरचे एक पातळसे इंग्रजी पुस्तक ती दुकानात देऊन गेली. अप्पा पुस्तक उलटसुलट करून म्हणाले, "कमळीला द्या. इंग्रजी शाळेत घातलीय, काही तरी उपयोग होऊ दे!" मासे कुणी सांभाळायचे ते काही ते बोलले नाहीत. म्हणजे अर्थातच काकूने.

पहिली चूक आम्ही दोघींनी मिळून केली. पाणी शुद्ध राहावे म्हणून काकूने मासे घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्याच्या घंगाळात सोडले. तांब्यातले पाणी म्हणजे देवाचे पाणी! चौथ्या दिवशी दोन मासे पोट वर करून तरंगत होते. पुस्तकाच्या दुसऱ्याच पानावर, तांब्यापितळेत मासे ठेवू नयेत, असे लिहिले होते. मी पाचव्या पानापासून वाचायला सुरुवात केली होती, कारण तिथे चित्र होते. काकू मला रागावली नाही. उरलेले दोन तिने परसातल्या दगडी डोणीत सोडले. नवे कापड शिवण्याआधी भिजवून आटवायची ती डोणी. तर नलू, वसंता, पहिला धडा हा. तांबे नको, पितळ नको, काचेचा अरुंद गोळाही नको. पसरट, दगडी किंवा मातीचे भांडे घ्या आणि विहिरीचे पाणी एक दिवस उघड्यावर ठेवून मग घाला.

गल्लीतल्या बायकांना मात्र तेवढे पुरले. माळकरी घर, त्यात विधवा, आणि ती मासे पाळते! भजनाला येणारी एक आजीबाई सगळ्यांदेखत विचारायची, "काय तुळसाबाई, रस्सा कधी करताय? एकादशी सोडून सांगा हं." काकू सुईत दोरा ओवत म्हणायची, "तुमचे दात उगवले की बोलावते, अज्जी." बायका हसायच्या. काकू हसायची नाही.

पुढच्या थंडीच्या शेवटी एका माशाच्या कल्ल्यांवर बारीक पांढरे ठिपके आले. काकूने कपाळाला हात लावला, "अय्यो, याला देवी आल्या गं!" आणि त्याला वेगळ्या मडक्यात ठेवले. आठ दिवस त्या मडक्याभोवती कडुलिंबाचा पाला. मग मी पुस्तकात वाचले की हा रोग नव्हे, नर वयात आल्याची ही खूण. त्याला परत डोणीत सोडले, तर तो मादीच्या मागे असा लागला की काकू पुन्हा त्याला बाहेर काढायला निघाली. "छळतोय बघ तिला!" मी तिचा हात धरला. "छळत नाही काकू, अंडी घालायला लावतोय." तिने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "हे तुला शाळेत शिकवतात?"

अंडी चिकटायला पाणवनस्पती हवी, असे पुस्तक सांगत होते. काकूने नारळाचा काथ्या उकळून, धुऊन, पिंजून डोणीत सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर मोहरीएवढे फिकट पिवळे मणी. आणि आईबाप तेच मणी टिपून खात होते! काकूने एका झटक्यात काथ्या उचलून दुसऱ्या मडक्यात घातला. ही गोष्ट विसरू नका. अंडी दिसली की मोठे मासे आणि अंडी वेगळी करायची. थांबलात तर दुपारपर्यंत काही उरत नाही. चौथ्या दिवशी पापणीच्या केसाएवढी पिल्ले मडक्याच्या कडेला लटकू लागली. दोन दिवस त्यांना काही घालायचे नसते, ती आपल्या पोटातल्या शिदोरीवर जगतात. पुढे पुस्तक म्हणत होते, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कापडातून गाळून द्यावा.

मी म्हणाले, शाळेतल्या मैत्रिणीकडून गुपचूप एक अंडे आणते. काकूने माझ्या तोंडावर हात ठेवला. "सुम्निरु, गप्प बस! मासोळीचं पोर जगवायला कोंबडीचं पोर उकडू?" मग ती परसात जाऊन बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. न्हाणीमागे एक फुटका रांजण होता. त्यात पाला कुजून उन्हाने पाणी हिरवेगार झाले होते. काकूने त्यातले ओंजळभर पाणी उन्हात धरले आणि मला हाक मारली. नीट पाहिले तर त्यात धुळीच्या कणांसारखे काहीतरी हलत होते. अप्पांच्या कातरणातले मलमलीचे तुकडे घेऊन तिने ते पाणी गाळले आणि चमचा चमचा मडक्यात घातले. पिल्ले जगली. पुढे थोडी मोठी झाली तेव्हा त्याच रांजणातल्या डासांच्या अळ्या. नर्मदेच्या या बाजूला हा उपाय तिच्याआधी कुणी केला असेल तर असो. तिला तो कुणी सांगितला नव्हता, पुस्तकात नव्हता, आणि अप्पांना तर तो रांजण कुठे आहे हेही ठाऊक नव्हते!

आता खरी गोष्ट. सोनमाशांची पिल्ले सोनेरी जन्मत नाहीत. ती काळपट, मातकट असतात आणि काही महिन्यांनी, कधी वर्षभरानेही, हळूहळू रंग धरतात. ती वाढली तशी काकूने आईबाप एका मोठ्या मडक्यात हलवले आणि पिल्ले डोणीत आणली. त्यानंतर ती आठ दिवस नंजनगूडला, बहिणीच्या बाळंतपणाला गेली. जाताना म्हणाली, "कमळी, पिल्लं तुझ्या भरवशावर." दसरा जवळ आला होता. अप्पांना कापड आटवायला डोणी हवी होती. त्यांनी आत डोकावून पाहिले आणि मोठ्याने हसले. "हे सोनमासे? ही तर तळ्यातली काळी मासळी! तुम्हां दोघींना कुणीतरी फसवलं." मी म्हणाले, "अप्पा, पुस्तकात लिहिलंय, नंतर रंग येतो." ते म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय म्हणून कापड आटेल का?" कारागिराने बादली भरून पिल्ले आमच्या परसातल्या विहिरीत ओतली. सगळी.

काकू परतली तेव्हा डोणीत गुलाबी सॅटिन भिजत होते. तिने ओल्या सॅटिनचे टोक उचलून खाली पाहिले. बोलणार कुणाशी? दुसऱ्या दिवसापासून पाणी शेंदायला गेली की चिमूटभर नाचणीचे पीठ विहिरीत टाकायची, एवढेच. आणि मग एके दिवशी दुपारी, ऊन सरळ आत उतरले असताना, तिने मला ओरडून बोलावले. ओरडून! घरात तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. खाली काळ्या पाण्यात ठिणग्या फिरत होत्या... पाच, सात, मग मोजताच येईनात.

गल्ली लोटली. रस्स्याची चौकशी करणारी आजीबाईसुद्धा आली. अप्पा विहिरीच्या काठावर उभे राहून सांगत होते, "आमच्या विहिरीच्या पाण्याचा गुण! मी मुद्दामच सोडले होते." मुद्दामच! तीस वर्षांहून जास्त झाली, पण तो शब्द आठवला की अजूनही माझ्या हातातले पेन कागदात रुतते. एका गिऱ्हाइकाने सुचवले की फुलांचे प्रदर्शन भरते आहे, तिथे हे मासे ठेवा. प्रदर्शनवाल्यांकडून इंग्रजी छापील कार्ड आले. त्यावर एक ओळ होती, पैदास करणाराचे नाव. अप्पांनी मला बोलावले. "तुझं अक्षर चांगलं. लिही." आणि स्वतःचे पूर्ण नाव सांगितले.

दाराआडून आवाज आला, अगदी हळू. "कमळी, सांग त्यांना, पिल्लं डोणीतली. विहिरीतली नव्हेत."

मी ते वाक्य सांगितले नाही. मला चौदावे वर्ष होते. अप्पांनी मला शाळेत घातले होते, ते काढतील अशी भीती होती. नव्हती असे आज म्हणणार नाही. पण त्याहून खरे सांगायचे तर, त्या जाड पांढऱ्या कार्डावर आपले सुंदर इंग्रजी अक्षर उमटते आहे याचा मला आनंद झाला होता. मी अप्पांचे नाव लिहिले, खाली रेघ ओढली, टीपकागद दाबला. नंतर काकूने विचारले, "काय लिहिलंस गं?" मी म्हणाले, "मासे म्हैसूरचे आहेत, असं लिहिलंय." अप्पांना रुपेरी पदक मिळाले. पुरवणीतल्या त्या गृहस्थांनी लेख लिहिला तो त्याच कार्डावरून, माझ्या अक्षरावरून. त्यांना दोष किती द्यायचा? थोडा देतेच. नाव नसलेल्या बाईचे नाव विचारायला त्यांना कुणी मनाई केली नव्हती.

अप्पा वाईट नव्हते, हेही लिहायला हवे. त्यांनी मला शिकवले, नाहीतर आज मी हे लिहिलेच नसते. पण पदक त्यांनी मरेपर्यंत भिंतीवर ठेवले, आणि काकूने मरेपर्यंत डोणी धुतली. चांगला माणूसही अशा गोष्टी करतो, रोज करतो, आणि घरातल्या कुणालाच त्यात वावगे वाटत नाही. याचाच मला जास्त राग येतो.

काकू गेली त्याआधी पंधरा दिवस मी तिच्याकडे गेले होते. ती परसात पाटावर बसून काथ्या पिंजत होती. डोळ्यांना फारसे दिसत नव्हते, बोटांना सगळे दिसत होते. काय झाले कुणास ठाऊक, मी म्हणाले, "काकू, त्या कार्डावर मी अप्पांचं नाव लिहिलं होतं."

तिचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे की."

"कसं? तुला इंग्रजी कुठं येत होतं?"

"कार्ड कशाला वाचायला पाहिजे? तुझं तोंड वाचलं तेव्हाच." मग काथ्याचा पुंजका माझ्या हातात दिला. "हा डोणीत सोड. मादीचं पोट भरलंय, उद्या-परवा घालेल. तू ये सकाळी, मला आता अंडी दिसत नाहीत."

मी गेले. अंडी काथ्यासकट मीच वेगळी केली. ती जवळ बसून विचारत होती, "किती आहेत? पांढरी पडलीत का? पांढरी काढून टाक, बुरशी पसरते." ते आमचे शेवटचे बोलणे. तिने मला क्षमा केली की नाही ते मी विचारले नाही. तिने काम दिले, ते मी केले.

तर मुलांनो, तुमच्या पणजोबांनी मासे कसे वाढवले, या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, त्यांनी वाढवले नाहीत. तुळसाबाईंनी वाढवले. तुम्ही तुमच्या भांड्याजवळ कागद लावणार असाल तर त्यावर हे नाव लिहा, आणि संपादकमहाशय, आपणही ते छापा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

घरात नळ आल्यापासून त्या विहिरीवर फळ्या टाकल्या आहेत. पदक माझ्या भावाकडे आहे. डोणी चार माणसांनी उचलून माझ्या परसात आणून ठेवली आहे, शेजारी पाला कुजवलेला एक रांजण आहे. या वर्षीची पिल्ले जगली आहेत. अजून काळी आहेत.